ओवेनकाका नकोसे झाले तेव्हा : 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज'चं प्रकरण

१५ नोव्हेंबर २००५ रोजी 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज' या ऑनलाइन खेळात शिरलेल्या प्राणीपालकांना आपला पेशाच सापडेना. रानोमाळ हिंडून पकडलेली, माणसाळवलेली, नाव देऊन वाढवलेली जनावरं त्यांच्या नावावर होती, पण त्यांना हाक मारायची विद्याच आदल्या रात्रीत खेळातून काढून टाकलेली होती. नव्या जातीचे प्राणी घडवणाऱ्या जैवअभियंत्यांचं तेच झालं. शिंपी, आचारी, शस्त्रं घडवणारे, घरं बांधणारे हे सगळे 'ट्रेडर' या एकाच नावाखाली कोंबले गेले. तीसहून जास्त पेशे होते, त्यांचे नऊ उरले.

खेळ त्या दिवशी बंद पडला नाही. सर्व्हर चालू होते, दरमहा सुमारे १५ डॉलरची वर्गणी कापली जात होती, आणि पुढे आणखी सहा वर्षं तो चालला. तरीही हा खेळ कधी संपला असं त्याच्या जुन्या खेळाडूला विचारलं, तर तो बहुधा २०११ सांगणार नाही, २००५ सांगेल.

खेळ पडला की आपण ठरावीक कारणं शोधतो. घाईत काढला, चुका होत्या, जाहिरात कमी पडली, किंमत जास्त होती. या खेळातही घाई होती आणि चुका तर ढिगानं होत्या. पण त्या सगळ्यांतून तो तरला होता. तो पडला तो मालकांनी त्याला सुधारायला घेतल्यावर. म्हणून हे प्रकरण मला इतर अपयशांपेक्षा जास्त शिकण्यासारखं वाटतं, आणि खरं सांगायचं तर जास्त वाईटही वाटतं.

जग मांडणं, गोष्ट नव्हे

हा खेळ २६ जून २००३ रोजी अमेरिकेत आला. बनवणारी कंपनी सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंट, तिचा टेक्सासमधल्या ऑस्टिनचा गट. प्रकाशक लुकासआर्ट्स, म्हणजे 'स्टार वॉर्स' चित्रपटांच्या घरातलीच खेळांची कंपनी. रचनेची सूत्रं राफ कोस्टर यांच्याकडे होती. १९९७ सालच्या 'अल्टिमा ऑनलाइन' या खेळाचे ते प्रमुख रचनाकार. हजारो माणसं एकाच जगात एकाच वेळी राहतात तेव्हा ती काय काय करू लागतात, हे त्यांनी तिथं जवळून पाहिलेलं होतं.

कोस्टर यांना चित्रपटाची गोष्ट पुन्हा सांगायची नव्हती. त्यांना त्या गोष्टीमागचं जग उभं करायचं होतं. चित्रपटात नायक दारूच्या गुत्त्यात शिरतो तेव्हा कोपऱ्यात वाद्यवृंद वाजत असतो. तो वाजवणारा कोण? नायकाचं यान दुरुस्त कोण करतं, त्याचा कोट कोणी शिवला? या खेळात त्या प्रत्येक जागी खराखुरा माणूस बसणार होता. सुरुवातीला दहा ग्रह होते, आणि मोकळं रान इतकं की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जाताना कंटाळा यावा. वाहनं सुरुवातीला नव्हतीच, त्यामुळे तो कंटाळा लोकांनी अनुभवलाही.

बलुतेदारीसारखं काहीतरी

मराठी वाचकाला या खेळाची बांधणी समजावून द्यायची तर 'बलुतेदारी' हाच शब्द सगळ्यात जवळचा. एकाचं दुसऱ्यावाचून अडायचं, आणि अडावं अशीच रचना केलेली होती.

प्रत्येक पात्राला कौशल्यासाठी २५० गुण मिळत. ते शिकारीवर खर्च केले की सुतारकामाला उरत नसत. वर एका सर्व्हरवर, म्हणजे खेळाच्या जगाच्या एका स्वतंत्र प्रतीत, एका माणसाला एकच पात्र. म्हणजे बंदूक हवी तर बंदूक घडवणाऱ्याकडे जा. त्याला धातू हवा, तो खाणवाल्याकडून घे. चांगलं हत्यार आयतं सापडण्यापेक्षा कोणीतरी घडवलेलं असण्याचीच शक्यता जास्त, आणि ते वापरून झिजायचं. झिजलं की पुन्हा बाजार. त्यामुळे कारागिराच्या पोटावर पाय येत नसे.

धातूचीही गंमत ऐकण्यासारखी आहे. जमिनीत सापडणाऱ्या प्रत्येक मालाला स्वतःचं नाव आणि गुणांचे आकडे असत. एखादं तांबं वीज वाहायला उत्तम पण कणखरपणात कमी, दुसरं उलट. काही दिवस तो साठा ठरावीक ठिकाणी लागायचा, मग नाहीसा व्हायचा आणि तेच तांबं पुन्हा कधीही यायचं नाही. चांगलं पोलाद लागल्याची बातमी फुटली की लोक यंत्रं घेऊन धावत, जागा अडवत, साठा करत. वर्षभरापूर्वीचं नामी पोलाद कोठारात असलेल्या शस्त्रकाराची कीर्ती सर्व्हरभर पसरायची, आणि ती बंदूक चालवता येण्यामुळे आलेली नसायची. लोक त्याच्या घरातल्या दुकानापर्यंत वाळवंट तुडवत जात.

लढून आलेल्याला जखमांबरोबर मनाचा शीण यायचा. जखमा वैद्य बऱ्या करी. शीण मात्र फक्त गुत्त्यात बसून नाच पाहिल्यानं किंवा वाद्य ऐकल्यानं उतरायचा. रानात दिवसभर राबलेल्या माणसानं रात्री फडावर जावं तसं. आता यात नाचणाऱ्याचा पेशा टिकतो हे उघडच आहे, पण खरी करामत दुसरी होती. शीण उतरायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ तुम्ही अनोळखी माणसांमध्ये बसलेले असायचा. करण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे लोक बोलायचे. लढाईला निघण्याआधी ताकद वाढवून घ्यायला वैद्यापुढे रांग लागायची, तिथंही तेच. रचनाकारानं लोकांना एकमेकांशी ओळखी करून घ्या असं सांगितलं नव्हतं, फक्त थांबायला जागा आणि कारण दिलं होतं.

२००३ च्या अखेरीस खेळाडूंची गावं आली. घरं बांधायची, वस्ती ठरावीक आकड्याला पोचली की गावाला दर्जा मिळायचा, निवडणुकीनं नगराध्यक्ष यायचा, कर लागायचे. वस्ती वाढली तर यानतळ मिळे.

बलुतेदारी आणि हा खेळ यांत एक फरक फार मोठा आहे, तो सांगितल्याशिवाय ही तुलना करणं बरोबर नाही. इथं पेशा जन्मानं चिकटलेला नव्हता. कंटाळा आला तर शिकलेलं सोडून देऊन मोकळे झालेले गुण दुसऱ्या विद्येला लावता येत. नाचणारीनं वैद्य व्हावं, शिकाऱ्यानं आचारी, आणि कोणी त्याला आडवं येत नसे. एकमेकांची गरज होती, पण उतरंड नव्हती.

दोषही सांगायला हवेत, कारण जुन्या खेळाडूंच्या आठवणीत ते गोड होऊन बसले आहेत. लढाई कंटाळवाणी आणि असमतोल होती. गोष्टीच्या अंगानं करण्यासारखं थोडंच होतं. यानं उडवायला मिळाली ती थेट ऑक्टोबर २००४ च्या विस्तारात, म्हणजे 'स्टार वॉर्स' नावाच्या खेळात सव्वा वर्ष माणूस स्वतःचं यान घेऊन अवकाशात जाऊच शकत नव्हता. दुरुस्तीच्या यादीला अंत नव्हता.

पहिला घाव

सगळे २००५ कडे बोट दाखवतात. माझ्या मते निर्णायक चूक त्याच्या दोन वर्षं आधीची आहे, आणि ती जेडायची, म्हणजे 'स्टार वॉर्स'मधल्या अद्भुत शक्ती असलेल्या योद्ध्यांची आहे.

अडचण मुळातली होती. खेळाचा काळ सगळ्यांत आधी पडद्यावर आलेल्या पहिल्या आणि दुसऱ्या चित्रपटाच्या मधला. त्या काळात जेडाय जवळजवळ संपलेले. पण 'स्टार वॉर्स'चा खेळ विकत घेणाऱ्या प्रत्येकाला मनातून जेडायच व्हायचं असतं. सगळ्यांना होऊ दिलं तर कथेचं जग मोडतं, कोणालाच होऊ दिलं नाही तर गिऱ्हाईक रागावतं.

कोस्टर यांच्या मनातला मूळ तोडगा सुंदर होता. जेडाय होण्याची वाट प्रत्येकाची वेगळी आणि गुप्त. कोणाला एखाद्या उंच जागी पोचावं लागेल, कोणाला आणखी काही. काय करायचं ते सांगितलं जाणार नाही, खेळता खेळता एक दिवस ते घडून जाईल. पण इतक्या तऱ्हेच्या कृतींची नोंद ठेवणारी यंत्रणा बांधायला वेळ उरला नव्हता. कोणी कोणत्या पेशात पारंगत झालं याची नोंद मात्र आधीच ठेवली जात होती. म्हणून अट बदलली : प्रत्येकासाठी काही पेशे गुपचूप ठरवायचे, ते सगळे पुरे केले की दार उघडणार.

तरीही गुपित टिकलं असतं तर निभावलं असतं. पण महिने गेले, जेडाय काही दिसेना, आणि २००३ च्या अखेरीस होलोक्रॉन नावाची वस्तू खेळात सोडण्यात आली. ती वापरली की तुमच्या गुप्त यादीतला एक पेशा कळायचा.

त्यानंतर जे झालं त्याचा विचार मी अनेकदा करतो. दोन वर्षं आनंदानं शिवणकाम करू शकली असती अशी शिंपीण आता आचारी व्हायला निघाली, कारण होलोक्रॉननं तसं सांगितलं. तिला स्वयंपाक आवडत नव्हता, पण तो एक टप्पा होता. तो संपला की पुढचा. गुत्त्यात नाचणारे वाढले, पण त्यांतले कितीतरी आपोआप चालणारा आदेश लावून पडद्यापुढून उठून गेलेले. समोर बसलेला शिणलेला माणूस बोलायला जायचा तर पलीकडे कोणीच नसायचं. खेळ तोच, नियम तेच, ग्रहही तेच. फक्त लोक जे करत होते ते त्यांना आवडतं म्हणून करत नव्हते.

प्रत्येक पेशा हे पोचण्याचं ठिकाण होतं. होलोक्रॉननं त्याची पायरी केली. आणि पायरीवर कोणी घर बांधत नाही. कोस्टर यांनी पुढे या साऱ्याबद्दल सविस्तर लिहिलं, त्यांनाही उताराची सुरुवात जेडायच्या या घोळात दिसते. मला त्यांचं म्हणणं पटतं. २००५ चे मालक ज्या आजारावर औषध शोधत होते, तो आजार बराचसा इथं लागलेला होता.

दुसरा घाव

२३ नोव्हेंबर २००४ रोजी ब्लिझर्डचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि ऑनलाइन खेळांच्या धंद्याचं मापच बदललं. शिरल्याबरोबर काय करायचं ते कळतं, दर थोड्या वेळानं बक्षीस मिळतं, एकट्यालाही खेळता येतं. वर्षभरात त्याचे वर्गणीदार काही दशलक्षांवर गेले. 'गॅलॅक्सीज'च्या मालकांपुढचा प्रश्न साधा आणि रास्त होता : जगातलं एवढं मोठं नाव आपल्याकडे असताना ही गर्दी आपल्याकडे का नाही?

एप्रिल २००५ मध्ये लढाईची पद्धत बदलली. लोक चिडले, काही गेले, बरेचसे राहिले. मग १ नोव्हेंबरला 'ट्रायल्स ऑफ ओबी-वान' हा विस्तार विक्रीला आला. दोनच दिवसांनी जाहीर झालं की अख्खा खेळ बदलतोय. या बदलाचं नाव न्यू गेम एन्हान्समेंट्स. १५ नोव्हेंबरला तो लागू झाला : नऊ पेशे, नेम धरून गोळी मारण्याची लढाई, आणि जेडाय पहिल्याच दिवशी निवडता येणारा. ज्यांनी वर्ष-वर्ष घालवून जेडायपद मिळवलं होतं त्यांच्या शेजारी आज आलेला जेडाय उभा. विस्तार विकत घेतलेल्यांचा संताप इतका होता की कंपनीला पैसे परत द्यायची तयारी दाखवावी लागली.

त्या डिसेंबरात लुकासआर्ट्सच्या नॅन्सी मॅकइंटायर यांनी अमेरिकन वृत्तपत्राला या बदलामागचा विचार सांगितला. त्यांचं म्हणणं असं की, खेळात वाचायला फार लागायचं, हिंडून शिकायला फार लागायचं, आणि लोकांना हान सोलो किंवा ल्यूक स्कायवॉकर झाल्याचा अनुभव द्यायला हवा, ओलावा गोळा करणारा शेतकरी ओवेनकाका झाल्याचा नव्हे.

चित्रपट न पाहिलेल्यांसाठी : ओवेन हा ल्यूकला वाढवणारा काका. टॅटुईनच्या वाळवंटात यंत्रं लावून हवेतलं पाणी काढतो, पुतण्यानं शेतीला हातभार लावावा एवढीच त्याची अपेक्षा. काही दृश्यांनंतर त्याला मारून टाकतात आणि कथा पुढे जाते.

मॅकइंटायर यांचं वाक्य मला मूर्खपणाचं वाटत नाही. नव्या माणसाच्या नजरेनं पाहिलं तर ते खरंच आहे. कोण पैसे भरून काका व्हायला येईल? पण हा प्रश्न न आलेल्या माणसाबद्दलचा आहे. आलेल्या आणि राहिलेल्या माणसांनी उत्तर आधीच दिलेलं होतं. त्या खेळात हवेतून पाणी काढणारी यंत्रं खरोखरच होती. लोक ती विकत घ्यायचे, वाळूत उभी करायचे, डागडुजीचे पैसे भरायचे, पाणी काढून आचाऱ्याला विकायचे. त्यांना काका व्हायला कोणी भाग पाडलं नव्हतं. मालकांना ज्या गोष्टीची लाज वाटली, तीच त्यांच्या खेळाजवळ होती आणि बाजारात दुसऱ्या कोणाजवळ तशी नव्हती. नायक व्हायचं असेल तर 'वॉरक्राफ्ट' हजर होताच, आणि त्या कामात तो कितीतरी सरस होता.

इतकं भराभर का ओसरलं

नव्या लोकांची लाट आली नाही. जुने मात्र गेले, आणि ज्या वेगानं गेले तो समजून घ्यायला पुन्हा ती बलुतेदारी आठवायला हवी. लढणारा माणूस सोडून गेला तर एक लढवय्या कमी होतो. शस्त्रकार गेला तर दुकान ओस पडतं, त्याच्या पंचवीस गिऱ्हाइकांचं हत्यार झिजतं आणि त्याला पोलाद विकणाऱ्याचा धंदा बसतो. नगराध्यक्ष कंटाळला की गाव पोरकं. वस्ती आकड्याच्या खाली आली की दर्जा जातो, यानतळ जातो, आणि उरलेल्यांना तिथं राहणं गैरसोयीचं होतं. ज्या धाग्यांनी खेळ घट्ट विणलेला होता तेच धागे आता एकामागून एक माणूस ओढून बाहेर नेत होते.

गेलेल्यांची घरं मात्र उभीच राहिली. पुढे कंपनीनं उरलेल्या खेळाडूंकरता एक उपक्रम काढला : सोडून गेलेल्यांची घरं शोधा, आतल्या सामानासकट आवरून बांधून ठेवा, बक्षीस मिळवा. मालक परत आलाच तर त्याचं सामान त्याला मिळावं अशी सोय होती. व्यवस्थापनाच्या दृष्टीनं ही साफसफाई होती. मला मात्र हा तपशील वाचताना धरणाखाली गेलेल्या नाही, पण पोटासाठी शहरात निघून गेलेल्या गावातली कुलूपबंद घरं डोळ्यांपुढे येतात.

इथं आपल्याकडचं एक उदाहरण उलट बाजूनं तपासण्यासारखं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली. लाखो पोरांच्या फोनमधला खेळ गेला. जुलै २०२१ मध्ये तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावानं आला, मध्ये पुन्हा काढला गेला, २०२३ मध्ये पुन्हा परतला, आणि दर वेळी खेळणारे हजर. बाहेरून कितीही मोठा धक्का बसला तरी चौघांचा गट, त्यांच्या सवयी, त्यांना माहीत असलेला नकाशा हे सगळं शाबूत होतं. 'गॅलॅक्सीज'वर बंदी आली नव्हती, खेळही बंद पडला नव्हता. पण परत यायचं तर कशाकडे? जनावरांना हाक मारता येत नव्हती.

पुढची सहा वर्षं

या काळाबद्दल बाहेर फारसं बोललं जात नाही, आणि तो अन्याय आहे. मागे राहिलेल्या गटानं मन लावून काम केलं. प्राणी पाळणं वेगळ्या रूपात परत आणलं, खेळाडूंना स्वतः गोष्टी रचून सादर करता येतील अशी साधनं दिली, लढाई सुधारली. २००९ मध्ये ओस पडलेले बरेच सर्व्हर बंद केले. कंपनीचे प्रमुख जॉन स्मेडली यांनी २००५ चा बदल ही चूक होती असं पुढे जाहीरपणे मान्य केलं.

जून २०११ मध्ये बंद होण्याची घोषणा झाली. लुकासआर्ट्सबरोबरचा करार संपत आला होता आणि त्याच नावाचा नवा, मोठ्या खर्चाचा खेळ तयार होता. १५ डिसेंबर २०११ रोजी 'गॅलॅक्सीज'चे सर्व्हर थांबले. २० डिसेंबरला 'द ओल्ड रिपब्लिक' सुरू झाला. त्यात कथेचा काळच हजारो वर्षं मागे नेलेला आहे, त्यामुळे जेडाय कितीही असले तरी बिघडत नाही. २००३ मध्ये न सुटलेला प्रश्न असा सुटला. तो खेळ चांगला आहे, आजही चालतो. पण त्यात शस्त्रकाराच्या दुकानापर्यंत वाळवंट तुडवत जावं लागत नाही.

चाहत्यांनी जुना खेळ पुन्हा उभा करायचं काम तो बंद पडण्याच्या कितीतरी आधी हाती घेतलं होतं. 'एसडब्ल्यूजीइमू' या प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी २००५ च्या एप्रिलपूर्वीचा खेळ नियमानियमानं पुन्हा घडवला. दुसरीकडे 'लेजेंड्स' नावाचा सर्व्हर आहे, आणि तो चालवतो नंतरचा, नऊ पेशांचा खेळ. तिथंही गर्दी असते. हे मला आधी कोड्यासारखं वाटायचं, कारण त्या रूपाला इतके शिव्याशाप मिळालेले. पण त्यात कोडं नाही. जो माणूस तो खेळ तसाच आहे हे माहीत असून येतो, त्याच्याकडून तिथं काहीच हिसकावलेलं नसतं. नऊ पेशांचा खेळ वाईट नव्हता. तो ज्यांच्या घरावर बांधला गेला ती माणसं अजून घरात राहत होती.

दोन्ही ठिकाणी लोक आजही धातूचा नवा साठा कुठं लागला ते एकमेकांना कळवतात. दोन्ही ठिकाणी गुत्त्यात कोणीतरी नाचत असतं. आणि टॅटुईनच्या वाळूत पाणी काढणारी यंत्रं उभी आहेत, दर काही दिवसांनी त्यांचा मालक येऊन टाकी रिकामी करून जातो.